गाडीतून पडला की रूळ ओलांडताना गेला? पंचनाम्यातलं एक वाक्य आणि रेल्वेचा क्लेम

गणपतीची तिकिटं बुक व्हायला लागली की दरवर्षी मला वाटतं ही माहिती एकदा नीट लिहून ठेवावी, आणि दरवर्षी राहून जातं. यंदा लिहितोच, कारण आपल्याकडं कोकणात घराघरातून एक तरी माणूस मुंबईला आहे, तो दिवा-डोंबिवली-नालासोपाऱ्यातून गर्दीच्या गाडीनं गावी येतो, आणि काही वाईट झालं तर घरच्यांना कुठून सुरुवात करायची हेच माहीत नसतं. आम्हालाही माहीत नव्हतं.

माझा चुलतभाऊ काही वर्षांपूर्वी गणपतीला जनरल डब्यातून येत होता. रात्रभर उभा, पाय ठेवायला जागा नाही. कणकवलीच्या अलीकडं एका स्टेशनात गाडी क्रॉसिंगला थांबली, हा पाण्याची बाटली भरायला उतरला, तेवढ्यात गाडी हलली. धावत येऊन त्यानं दांडा पकडला पण पाऊस चालू होता, दांडा ओला, पायरी ओली, चप्पल सरकली आणि तो खाली गेला. डावा पाय गुडघ्याखालून गेला. हॉस्पिटलात शर्ट कात्रीनं कापून काढला आणि तो रक्तानं भिजलेला शर्ट कचऱ्याच्या पिशवीत गेला, खिशातल्या तिकिटासकट. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याची कॉपी हातात आली तर त्यात लिहिलेलं, "रूळ ओलांडत असताना गाडीची धडक बसून जखमी." काकी तिथं बाकड्यावर बसूनच म्हणाली, "तिकीटच नाय, आता कोण देतलो पैशे?"

पैसे मिळाले, पण त्या एका वाक्यामुळं दोन वर्षांहून जास्त हेलपाटे झाले. म्हणून आधी हेच सांगतो. रेल्वेच्या क्लेममध्ये, म्हणजे रेल्वेकडून भरपाई मागताना, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिल्या कागदावर अपघात कसा झाला म्हणून लिहिलंय. "गाडीतून पडून" लिहिलं असेल तर तुम्ही प्रवासी, आणि "रूळ ओलांडताना" लिहिलं असेल तर तुम्ही हद्दीत विनापरवाना घुसलेला माणूस, ज्याला ट्रायब्युनलमध्ये (रेल्वे भरपाईचे दावे चालतात ते न्यायाधिकरण) काही मिळत नाही, उलट रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाच होतो. जखम तीच, पाय तोच, फरक फक्त एका ओळीचा.

आपल्याकडं अपघात होतात कशामुळं

मोठे अपघात सगळ्यांना आठवतात. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवार-मुंबई स्पेशल रुळावर आलेल्या दरडीवर आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस अशाच दगडांमुळं पुलावरून घसरली. त्यानंतर डोंगराला जाळ्या मारल्या, रुळासाठी कापलेल्या डोंगराचे उतार कमी केले, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्तीची माणसं रुळावरून चालतात, आणि जोराचा पाऊस असून समोरचं दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरनंच चालवायची असा नियम आहे. पावसाळी टाइमटेबलमध्ये गाडी उशिरा पोचते म्हणून आपण चिडतो ना, तो उशीर त्यासाठी असतो, त्यावर निदान मी तरी आता बोलत नाही. ४ मे २०१४ ला नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये निडीजवळ दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली ती तर भर उन्हाळ्यात, तिथं दरडीचा संबंधच नव्हता.

पण खरं सांगायचं तर घरातला माणूस जायबंदी होतो तो बहुतेक वेळा अशा बातमीतल्या अपघातात नाही, दारात होतो. दारात उभा राहून गर्दीच्या रेट्यानं बाहेर फेकला जातो. चालत्या गाडीत चढताना-उतरताना पाय चुकतो. दारात बसून डुलकी लागते. छोट्या स्टेशनांवर प्लॅटफॉर्म बुटका असतो, पायरी आणि जमीन यात बरंच अंतर, म्हाताऱ्या माणसाला बॅग घेऊन उतरताना अंदाज येत नाही. आणि आपल्या मार्गाची खास भानगड म्हणजे क्रॉसिंग. रोहा ते वीर सोडलं तर पुढं जवळजवळ सगळीकडं एकच लाइन आहे त्यामुळं गाडी समोरच्या गाडीसाठी थांबते, किती वेळ ते कोणी सांगत नाही, माणसं कंटाळून उतरतात, कधी उलट्या बाजूला उतरतात आणि त्याच बाजूनं दुसरी गाडी येते. उलट्या बाजूला उतरू नका, लहान मुलांना तर अजिबात उतरवू नका, कारण तिथं जीव तर जातोच पण कागदावरही "रूळ ओलांडताना" लिहिलं जायची शक्यता तिथंच सगळ्यात जास्त.

कायदा काय म्हणतो, सोप्या भाषेत

रेल्वे कायदा १९८९ चा. त्यात दोन कलमं लक्षात ठेवा. कलम १२४ म्हणजे गाडीलाच अपघात झाला, टक्कर किंवा घसरणं. आणि कलम १२४-अ, हे १९९४ च्या दुरुस्तीनं आलं, हे "अनुचित घटने"साठी, ज्यात गाडीतून चुकून पडणं येतं, गाडीत किंवा स्टेशनात दरोडा, दंगल, हिंसक हल्ला, अतिरेकी हल्ला हेही येतं. आपल्या बहुतेक केसेस १२४-अ खाली असतात.

या दोन्हीत चूक कोणाची हे बघायचं नसतं. रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही, ही गोष्ट लोकांना पटतच नाही, सगळे म्हणतात "अहो पण तो स्वतःच धावत चढायला गेला". जाऊ दे. १२४-अ मध्ये भरपाई नाकारायला पाचच कारणं दिलीत: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला मुद्दाम करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, दारूच्या नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं काही, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. म्हणजे हार्ट अटॅक येऊन गेला तर नाही, पिऊन पडला तर नाही. पण घाईत चढताना पडला तर ती "स्वतः करून घेतलेली इजा" होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं ९ मे २०१८ च्या निकालात स्पष्ट केलंय. दारात उभं राहून पडला तरी तो बेफिकीरपणा असेल, गुन्हा नाही, हे २०१० च्या निकालात आहे. वकिलाला हे दोन निकाल सांगा, त्याला बरोबर कळेल.

आणि तिकीट. त्याच २०१८ च्या निकालात म्हटलंय की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र करून कुठून कुठं चालला होता, तिकीट कसं काढलेलं, सोबत कोण होतं हे सांगायचं, मग नाही म्हणून दाखवायची जबाबदारी रेल्वेवर जाते. प्लॅटफॉर्म तिकीट घेऊन सोडायला आलेल्या माणसालाही १२४-अ मध्ये प्रवासीच धरतात, हे फार कमी जणांना माहीत आहे.

रूळ ओलांडताना खरोखरच धडक बसली असेल तर मात्र हा रस्ता बंद, खोटं सांगून क्लेम करू नका, गार्डची नोंदवही आणि ड्रायव्हरचा रिपोर्ट असतो, उघडं पडतं.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

आधी माणूस. गाडीतल्यांनी साखळी ओढावी, माणूस पडला हे साखळी ओढायला पुरेसं कारण आहे, त्याचा दंड होत नाही. १३९ ला फोन करा, पोलिसांसाठी रेल्वेचा १५१२ आहे. तुम्ही गाडीत असाल आणि साखळी ओढूनही गाडी पुढं गेली तर दोन स्टेशनांच्या मधली जागा, डब्याचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, किलोमीटरचा दगड दिसला तर त्याचा फोटो.

हॉस्पिटलात नेल्यावर केसपेपर करताना डॉक्टर किंवा सिस्टर विचारतात काय झालं. इथं जो माणूस बोलेल त्याचं वाक्य जन्मभर कागदावर राहतं. बऱ्याचदा तो रिक्षावाला किंवा हमाल असतो, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं, तो म्हणतो "रुळावर पडलेला होता", आणि लिहिलं जातं "रुळावर धडक". घरचं कोणी पोचलं की पहिल्यांदा केसपेपर वाचा. चुकीचं असेल तर त्याच दिवशी ड्युटीवरच्या डॉक्टरांना नम्रपणे सांगून पेशंटच्या तोंडची हकीगत नोंदवून घ्या. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याचा जबाब पोलिसांनी त्याच्याच तोंडून घ्यावा, भावोजींच्या नाही.

कपडे फेकू देऊ नका. हे मी हात जोडून सांगतो. रक्ताचे असले तरी खिसे तपासा, पिशवी मागून घ्या. तिकीट, पास, पाकीट, गाडीत घेतलेल्या पाण्याच्या बाटलीचं बिलसुद्धा कामाला येतं. मोबाईलवर तिकीट काढलेलं असेल तर फोन फुटला तरी त्याच नंबरनं दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघा, बुकिंगची हिस्ट्री दिसायला पाहिजे, तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग स्टेशन मास्तर. घटना घडली की स्टेशन मास्तर पोलिसांना लेखी मेमो देतो, तो छोटा कागद असतो, हातानं लिहिलेला, त्यात गाडी नंबर, वेळ आणि काय झालं ते एका ओळीत. त्याची कॉपी मागा. पंचनामा लोहमार्ग पोलिसांनी केला की स्थानिक पोलिस ठाण्यानं ते विचारून घ्या आणि तीही कॉपी मागा. माणूस दगावला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेहाचा पंचनामा) आणि पोस्टमॉर्टेम रिपोर्ट.

पंचनाम्यात चुकीचं लिहिलेलं असेल तर? पंचनामा खोडून नवा करत नाहीत, पण तुम्ही पुरवणी जबाब देऊ शकता आणि साक्षीदाराचा जबाब नोंदवा असा लेखी अर्ज देऊ शकता, अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यायची. आमच्या बाबतीत वाचवलं ते बॅगेनं. भावाची बॅग डब्यातच राहिलेली, शेजारच्या एका कुडाळच्या माणसानं ती उतरवून घरी नेली, बॅगेत भावाच्या मुलीच्या वहीवर आमचा घरचा नंबर होता, त्यावर त्यानं फोन केला. आम्ही जाऊन बॅग आणली आणि त्यांनाच हात जोडले की जबाब द्या. त्यांनी दिला, दोनदा आले, एक पैसा घेतला नाही. बॅग गाडीत आणि माणूस रुळावर, म्हणजे तो गाडीतलाच होता, हे ट्रायब्युनलला समजावून सांगायला लागलं नाही. तेव्हा सोबतच्या प्रवाशांचे नंबर घ्या, सामान कुठं उतरवलं त्याची नोंद ठेवा.

रेल्वेही स्वतःची चौकशी करते, आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल तपास करतं आणि रिपोर्ट डीआरएमच्या (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) पातळीवर जातो, त्याला सगळे "डीआरएम रिपोर्ट" म्हणतात. क्लेममध्ये रेल्वे हाच पुढं करते. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून मागता येतो. मोठा अपघात असेल तर रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, ते रेल्वेच्या नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली येतात, म्हणून त्यांच्यासमोर प्रवाशांनी जाऊन सांगावं, भीती बाळगू नये.

पैसे किती

१ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख. दोन्ही हात गेले, एक हात एक पाय गेला, दृष्टी गेली अशा मोठ्या अपंगत्वालाही ८ लाखच. त्याखालच्या जखमांची यादी नियमात दिलीय आणि तिथं हिशोब फार बारीक आहे, पाय गुडघ्याच्या वर कापला की खाली, खाली असेल तर खुंट किती सेंटिमीटर उरलाय, यावर रक्कम बदलते. म्हणून डिस्चार्ज कार्डवर नुसतं "पाय कापला" असं मोघम चालत नाही, डॉक्टरांकडून माप लिहून घ्या, नंतर सरकारी हॉस्पिटलचं अपंगत्वाचं सर्टिफिकेटही काढा. यादीत नसलेल्या जखमांचं ट्रायब्युनल ठरवतं.

याशिवाय रेल्वे लगेच सानुग्रह रक्कम देते. सप्टेंबर २०२३ पासून गाडीच्या अपघातात मृत्यूला ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार. अनुचित घटनेत हे आकडे कमी आहेत, दीड लाख, ५० हजार आणि ५ हजार. ही रक्कम घेतली म्हणजे क्लेम संपला असं नाही, क्लेम वेगळा करायचाच.

ऑनलाइन आरक्षण करताना आयआरसीटीसीवर ४५ पैशांचा विमा विचारतात तो कृपा करून घ्या. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाख, हॉस्पिटलच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. तिकीट काढल्यावर मेसेज किंवा मेलवर लिंक येते, त्यात नॉमिनी भरा. लिंक कोणी उघडतच नाही, आणि मग वारसाचे कागद काढत बसायला लागतं. हा विमा कन्फर्म किंवा आरएसी तिकिटालाच आहे, जनरलच्या तिकिटाला नाही.

अर्ज कुठं आणि कधी

अर्ज रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडं, आपल्याला जवळचं बेंच मुंबईचं. घटनेपासून एक वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफ करून घेता येतो पण त्या भरवशावर राहू नका, बाराव्या महिन्यात घाई करणाऱ्यांचे कागद अपुरे असतात. अर्ज जखमी माणूस स्वतः करतो, माणूस गेला असेल तर नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि पुढं कोकण रेल्वे कॉर्पोरेशन, त्यामुळं घटना नेमकी कुठं झाली ते बघून प्रतिवादी ठरतो, रोह्याच्या आसपासची केस असेल तर वकिलाला हे आवर्जून विचारा.

वकील परवडत नसेल तर अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, अर्ज बाईच्या नावानं असेल तर मोफत वकील मागता येतो. आमची काकी आधी जायलाच तयार नव्हती, कोर्टाची पायरी म्हणून घाबरत होती, पण अर्ज शेवटी तिथूनच मार्गी लागला.

हॉस्पिटलच्या दारात किंवा अंत्यविधीलाच काही लोक येतात आणि "अर्धे तुमचे अर्धे आमचे" म्हणून कोऱ्या कागदावर सह्या मागतात. देऊ नका. पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात येतात, त्यामुळं पासबुक, चेकबुक कोणाच्या हातात ठेवू नका, आणि अर्ज करण्याआधी आधार, रेशनकार्ड, बँकेतलं नाव सगळीकडं सारखं आहे का बघा. आमच्याकडं आडनावाच्या एका वेलांटीवरून दीड महिना गेला. निकाल विरोधात गेला तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं.

दोन गोष्टींत लोक हमखास गल्लत करतात. गाडीच्या आत मधली बर्थ तुटून अंगावर पडली, तर ते "गाडीतून पडणं" नाही, ती सेवेतली त्रुटी, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि मुंबईतली मेट्रो, आता तर कफ परेडपासून आरेपर्यंत जमिनीखालून जाते आणि आपली पोरं रोज त्यातून कामाला जातात, तिथं काही झालं तर हा कायदा लागू नाही, मेट्रोचा २००२ चा वेगळा कायदा आहे आणि क्लेम रेल्वे ट्रायब्युनलकडं नाही तर त्या कायद्याखालच्या क्लेम्स कमिशनरकडं जातो. कागदं मात्र तीच लागतात, म्हणून कार्डचा रिचार्ज किंवा क्यूआर तिकीट फोनमधून लगेच डिलीट करायची सवय असेल तर ती सोडा.

जनरलचं कागदी तिकीट हातात आलं की लगेच फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, डब्यात चढल्यावर गाडी नंबर आणि डबा कुठला एवढा एक मेसेज. आमच्या घरी आता हे सगळे करतात, गणपतीच्या आदल्या रात्री ग्रुपवर नुसते तिकिटांचेच फोटो येत राहतात. चुलतभाऊ जयपूर फूट लावून येतो, रिझर्व्हेशननंच येतो, आणि पहिला फोटो त्याचाच असतो.